हात दिसला की बंड्या चावतो

*सप्रेम नमस्कार,*

*आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. वन-बीएचके, तिसरा मजला. घरात मी, मिस्टर, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि पहिलीतली मुलगी. दोन महिन्यांपूर्वी मुलाने साठवलेल्या पैशांतून फेरेटचं पिल्लू आणलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, लांबुळका पाळीव प्राणी. तेव्हा ते दोन महिन्यांचं आहे असं दुकानदार म्हणाला होता. आम्ही त्याला बंड्या म्हणतो. तपकिरी अंग, कपाळापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा, दिसायला फार गोड. पण चावतो. आधी खेळता खेळता चावायचा, आता हात दिसला की चावतो. झोपेतून उचललं तर कचकन दात रुतवतो. मुलाने मोबाइलवर बघून त्याच्या नाकावर टिचकी मारायला सुरुवात केली, त्याने जास्तच बिघडला. कोणी म्हणालं, चावला की मोठ्याने ओरडा. तेही केलं, ढिम्म परिणाम नाही. हाक मारली तरी बघत नाही इतका हट्टी आहे. गेल्या रविवारी मी मांदेली साफ करून उठले, हात धुतले आणि त्याला बाजूला करायला गेले, तर अंगठ्याला धरून लटकलाच. सासूबाईंच्या पायाच्या बोटांवर तर त्याचा डोळाच आहे. त्या आता पाय वर घेऊनच बसतात. शेजाऱ्यांनी सोसायटीत सांगितलंय की आम्ही मुंगूस पाळलंय. मिस्टर म्हणतात, नॅशनल पार्क जवळच आहे, सोडून येऊ. मुलगा रडतो. मी काय करू?*

*एक आई, भांडुप*

ताई,

आधी तुमच्या अंगठ्याचं बोलू, बंड्याचं नंतर. रविवारी रक्त आलं होतं का, तुम्ही दवाखान्यात गेला होतात का, हे पत्रात नाही. गेला नसाल तर आजच जा. महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. कोणता प्राणी चावला, कधी चावला, त्याला लस दिलेली आहे का, एवढं सांगा. पुढचं डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. घरात वाढणाऱ्या पिल्लाला रेबीज असण्याची शक्यता फार कमी, हे मलाही कळतं. पण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की हातात काही उरत नाही, आणि दुकानात येण्याआधी बंड्या कुठे होता, कोणाच्या संगतीत होता, हे आपल्याला ठाऊक नाही. यापुढे घरात कोणालाही दात लागले तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ बघून. हळद, चुना, तिखट असलं काही जखमेत भरायचं नाही.

आता बंड्या.

तुम्ही सहज लिहून गेलात अशा दोन गोष्टींवर माझं बोट अडकलं. एक, कपाळापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा. दुसरी, हाक मारली तरी बघत नाही. या दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की मला वाटतं, बंड्या हट्टी नाही. त्याला ऐकू येत नसावं. डोक्यावर असा पट्टा असलेल्या किंवा अख्खं डोकं पांढरं असलेल्या फेरेटमध्ये जन्मतः बहिरेपणा बऱ्याचदा आढळतो. केसांना रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांची गरज आतल्या कानालाही असते. पिल्लू पोटात वाढताना त्या जिथे पोचत नाहीत तिथले केस पांढरे राहतात, आणि कानात पोचल्या नाहीत तर कान चालत नाही. पट्टा असलेला प्रत्येक फेरेट बहिरा असतोच असं नाही, म्हणून आधी घरी तपासून बघा.

सगळ्यात सोपी परीक्षा तुमच्या स्वयंपाकघरात रोज होत असते. कुकरची शिट्टी झाली की बंड्या काय करतो? जागा असेल, शांत बसलेला असेल, आणि एवढ्या आवाजाला त्याचे कानही हलले नाहीत, मानही वळली नाही, तर संशय घ्यायला जागा आहे. मग त्याला पलंगावर गादीवर ठेवा, म्हणजे जमिनीचे हादरे त्याला जाणवणार नाहीत. तो पाठमोरा असताना चार-पाच फुटांवरून किल्ल्यांचा जुडगा वाजवा, शिट्टी मारा. टाळी जवळून वाजवू नका, हवेची झुळूक लागली तरी तो वळतो आणि आपण फसतो. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करून बघा, कारण नाद लागला की ऐकू येणारा फेरेटही लक्ष देत नाही. नंतर जनावरांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

तो बहिरा निघाला तर तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचा अर्थ बदलतो. फेरेटची पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून, मानेला चावून खेळतात. त्यांची कातडी जाड असते, आपल्याला रक्त काढणारा चावा भावाला गुदगुल्यांसारखा लागतो. जास्त जोर लागला की समोरचं पिल्लू किंचाळतं, आणि त्या किंचाळण्यातून किती जोर चालतो हे कळत जातं. ज्याला किंचाळी ऐकूच आली नाही तो हे कुठून शिकणार? त्यात दुकानात येणारी पिल्लं पुष्कळदा आईपासून लवकर तोडलेली असतात. तुम्ही ओरडलात ते त्याच्यापर्यंत गेलंच नाही. आणि झोपेतून उचलल्यावर चावण्याचं म्हणाल तर फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो आणि फार गाढ झोपतो. पहिल्यांदा पाळणारे कित्येक जण तो मेला समजून रडत डॉक्टरांकडे धावलेत. त्याची नजरही लांबचं नीट टिपत नाही, बरंचसं जग त्याला वासाने आणि आवाजाने कळतं. त्यातला आवाज काढून घ्या. आता असा जीव गाढ झोपेत असताना वरून एक हात येतो आणि त्याला हवेत उचलतो. वरून येणारा हात म्हणजे त्या क्षणी घारच. तो चावणार नाही तर काय करील?

म्हणून टिचकी आजपासून बंद. हे तुमच्या लेकाला तुम्ही सांगा, पण रागावून नको, त्याने प्रेमापोटीच शोधून काढलं असणार. टिचकीने फेरेट दोनच गोष्टी शिकतो. हात दुखवतो, आणि हात जवळ आला की आधी आपण चावायचं. तुम्हीच लिहिलंय, आधी खेळता खेळता चावायचा, आता हात दिसला की चावतो. हा फरक टिचकीने पडलाय. खेळातला चावा आणि धसक्याचा चावा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खेळातला फेरेट तोंड उघडं ठेवून, पाठ कमानीसारखी करून, आडवा-तिडवा उड्या मारत येतो, तोंडाने कोंबडीसारखं डुकडुक करतो, धरतो आणि सोडतो. धास्तावलेला फेरेट मागे सरकतो, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगवतो, फिसकारतो, आणि धरलं की सोडत नाही. तुमचा अंगठा त्याने सोडला नाही.

तर आता सगळं काम हाताचं आहे. बंड्याला पुन्हा हात चांगला वाटायला हवा. ते कसं होतं ते लालबागला एका घरी मी जवळून बघितलंय, म्हणून तेच सांगते.

त्यांच्याकडे असाच पट्ट्याचा, बहिरा, आठ-नऊ महिन्यांचा नर होता. त्या घरात त्याला वळण लावलं आजींनी. आजी खाली मांडी घालून पोळ्या लाटायच्या. एकदा लाटणं हातातून सुटून फरशीवर पडलं आणि पिंजऱ्यातल्या झोळीत झोपलेल्या त्या फेरेटने डोकं बाहेर काढलं. हादरा त्याला पोचला होता. त्या दिवसापासून आजींनी नेमच केला. त्याच्या जवळ जायचं झालं की लाटण्याने फरशीवर दोनदा ठोकायचं, ठक ठक, आणि थांबायचं. तो जागा झाला, मान वर केली, की मूठ बंद करून हाताची मागची बाजू त्याच्या नाकासमोर, जमिनीलगत धरायची. तो हुंगायचा. हुंगून झालं की दुसऱ्या हातातला लांब दांड्याचा चमचा पुढे. चमच्यावर उकडून कुस्करलेलं चिकन, बोराएवढं. खाल्लं की हात मागे, बस. पहिले सात-आठ दिवस त्यांनी त्याला बोटही लावलं नाही. मग एका दिवशी तो चमचा चाटत असताना आजींनी दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि काढलं. त्याने चाटणं थांबवून बोटाकडे बघितलं, हुंगलं, आणि पुन्हा चमच्याला लागला. मी समोरच बसले होते. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तुम्ही हेच करा. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाचच मिनिटं. तो झोपेतून उठून, शी-शू करून, थोडा बागडून झाला की. उपाशी असताना नको आणि खेळाच्या नादात बेभान असताना नको. चमचा आधी लांब दांड्याचा, मग चहाचा, मग चाटायला तळहात, असं सावकाश जवळ या. बोटांच्या चिमटीत धरून खाऊ भरवायची घाई करू नका, बोट कुठे संपतं आणि चिकन कुठे सुरू होतं हे अजून त्याला कळत नाही. उचलायचं ते समोरून आणि खालून, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. त्याचे चारही पाय कशावर तरी टेकलेले हवेत, लोंबकळायला लागला की तो घाबरतो. आणि हे घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने करायचं. तुम्ही मूठ हुंगायला द्याल आणि लेक मागून येऊन उचलून घेईल, तर सगळं मुसळ केरात.

आणि तरीही चावला तर? पहिल्या दिवसांत चावेल. तेव्हा हात ओढायचा नाही, हे फार अवघड असतं पण शिकायला हवं. फेरेटच्या पूर्वजांचा जन्म उंदीर-ससे धरण्यात गेला, तोंडातलं भक्ष्य निसटायला लागलं की जबडा आपोआप आणखी आवळतो. हात स्थिर ठेवा, त्याच्यासकट खाली जमिनीकडे न्या, पाय टेकले की बहुतेक जण सोडतात. तुमच्या अंगठ्यासारखा लटकलाच, तर दुसऱ्या हाताने मानगूट धरा. कानांच्या मागची सैल कातडी अख्ख्या मुठीत घ्यायची, चिमटीत नव्हे, आणि त्याचे मागचे पाय लगेच मांडीवर किंवा जमिनीवर टेकवायचे. मांजर पिल्लाला उचलते तीच जागा. तिथे धरलं की फेरेटचं अंग सैल पडतं, आणि थोड्या वेळात तो चक्क मोठी जांभई देतो. जांभई आली की जबडा सुटला. मानगुटीला धरून गदागदा हलवायचं नाही, त्याच्या तोंडावर फुंकायचं नाही. ही शिक्षा नाही, सुटका आहे, त्याची आणि तुमची.

मग त्याला तीन ते पाच मिनिटं एकटं सोडा. त्यासाठी एक वेगळी जाळीची टोपली किंवा मांजर न्यायची पेटी ठेवा. त्याच्या नेहमीच्या पिंजऱ्यात कोंडू नका, पिंजरा त्याच्या झोपेची, भरवशाची जागा आहे, ती शिक्षेची झाली तर तो तिथेही चावरा होईल. बहिऱ्या फेरेटला "नाही" सांगायला आवाज चालत नाही, म्हणून एक खूण ठरवा. उघडा तळहात त्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, स्थिर. नेहमी तीच खूण, मग टोपली. पंधरा-वीस दिवसांत तळहात दिसला की तो थबकायला लागतो. टोपलीतून काढल्यावर मात्र राग पुढे न्यायचा नाही, आधीच्या चाव्याचा आणि नंतरच्या रागाचा संबंध त्याला लागत नाही.

कडू चवीचा स्प्रे मिळतो, हाताला मारायचा. खेळकर चावऱ्याला त्याचा थोडा उपयोग होतो. बंड्यासाठी मी तो आणा म्हणणार नाही. धास्तावलेल्याला हात कडूही लागला तर हाताशी त्याचं वैर आणखी वाढेल.

खेळ मात्र भरपूर हवा, आणि हाताने कधीच नको. बोटं हलवून त्याला चेतवायचं, मग तो धरतो म्हणून हसायचं, हे पिल्लू असताना सगळेच करतात. जुना टॉवेल, लांब दोरीला बांधलेलं मऊ खेळणं, कापडी पिशवी, रिकामा खोका यांच्याशी झटू दे, त्याला हवं तेवढं चावू दे. दिवसाला निदान दोन-तीन तास तो पिंजऱ्याबाहेर हवा, सकाळ आणि संध्याकाळ विभागून. दिवसभर कोंडलेला फेरेट बाहेर आला की साठलेलं सगळं अंगावर येतं. रबरी खेळणी आणि स्लीपर मात्र उचलून ठेवा. फेरेटला रबराची भारी ओढ, आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनवर जातं, कधी जीवावर.

मांदेलीचं. हात नुसत्या पाण्याने धुऊन मासळीचा वास जात नाही हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. बंड्याच्या नाकाला तुमचा अंगठा त्या दिवशी अंगठा नव्हताच, मांदेलीच होती. मासळी-मटणाला हात लावल्यावर साबणाने दोनदा, नखांपर्यंत, आणि तरी अर्धा तास त्याच्या वाटेला जाऊ नका. हाताला लावायचं गोड वासाचं क्रीमही कित्येक फेरेटना खाऊ वाटतं, आधी चाटतात आणि मग चावून बघतात. रविवारी मासळीच्या वेळी त्याला पोटभर घालून पिंजऱ्यात ठेवणं उत्तम.

पोटभर म्हणजे काय तेही सांगते, कारण भुकेलाही फेरेट चावतो. तो निव्वळ मांसाहारी आहे. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून दिवसातून दोनदा ताट वाढून भागत नाही. चिकन, कलेजी-पेटा, आणि मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं मांजरीच्या पिल्लांचं कोरडं खाणं वाटीत कायम. पोळी, दूध, बिस्किट, केळं काही नको. शिजवलेलं हाड तर अजिबात नको.

सासूबाईंना आज जाड मोजे आणून द्या. पायाची बोटं खाली हलत असतात, बंड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि हलणारी बारीक वस्तू त्याला सोडवत नाही. त्यात काही मनात धरणं नाही. त्यांच्या खुर्चीजवळ एक कापडी खेळणं कायम पडू द्या, तो पायाकडे वळला की ते सरकवायचं. लालबागच्या आजींची गोष्ट त्यांना वाचून दाखवा. घरात सर्वांत जास्त वेळ बसून असणारं माणूस त्याच असतील, तर ठक ठक करायचं काम त्यांच्याकडेच द्या. ज्या माणसाला भीती वाटते त्याच्या हातात चमचा आला की भीतीही उतरते आणि चावणंही, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

पहिलीतल्या मुलीबाबत मी कडक आहे. मोठं माणूस शेजारी बसलेलं असल्याशिवाय तिने त्याला हात लावायचा नाही, उचलायचं तर नाहीच, आणि तोंडाजवळ कधीही न्यायचं नाही. तिने फूल पॅंट, मोजे घालून जमिनीवर बसावं, दोरीचं खेळणं ओढावं, बंड्या आपणहून मांडीवर चढला तर चढू द्यावं. फुगलेली शेपटी म्हणजे "मला एकटं सोड", हे तिला शिकवा, मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. घरी कोणाचं तान्हं बाळ आलं तर बंड्या पिंजऱ्यात आणि पिंजऱ्याला कडी. यात तडजोड नाही.

मुंबईच्या उकाड्याचंही बघा. फेरेटला घाम येत नाही, पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेला की त्याचे हाल सुरू होतात. पंख्याने आपल्याला बरं वाटतं कारण आपला घाम वाळतो, त्याला त्याचा उपयोग नाही. दुपारी खिडकीच्या ग्रिलपाशी ऊन येत असेल तर पिंजरा तिथून हलवा. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून त्याच्या झोळीशेजारी ठेवा, तो तिला बिलगून झोपेल. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत फेरेट ठेवणं मला जोखमीचं वाटतं, आणि ते फेरेट घेण्याआधी दुकानदाराने सांगायला हवं होतं. तापलेला फेरेट चिडचिडा होतो, मग सुस्तावतो, मग फार उशीर झालेला असतो. तोंड उघडून धापा टाकताना दिसला की ओल्या गार फडक्याने पुसत थेट डॉक्टरांकडे.

डॉक्टर गाठायचेच आहेत. कुत्र्या-मांजरांखेरीज असे वेगळे प्राणी नेहमी तपासणारे डॉक्टर शोधा, मुंबईत आहेत. ओळखीचं कोणी नसेल तर परळला, जिथे बैलघोडा हॉस्पिटल आहे आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे, तिथे चौकशी केली तर वाट सापडेल. तीन गोष्टी विचारा. कान. लसी, रेबीजची आणि डिस्टेंपरची. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार, तो कुत्र्यांमधून येतो, चपलेला लागूनही घरात येऊ शकतो, आणि झाला तर फेरेट वाचणं जवळजवळ अशक्य. तिसरी गोष्ट नसबंदी. बंड्या आणखी काही महिन्यांत वयात येईल, तेव्हा नराचा वास उग्र होतो, तो मानेला धरून ओढायला लागतो आणि तुम्हाला वाटेल केलेलं सगळं पाण्यात गेलं. बंड्या नर आहे ना, हेही एकदा बघून घ्या, दुकानात चुका होतात. मादी असेल तर नसबंदी टाळताच येत नाही, माजावर आलेली मादी तशीच राहिली तर रक्त आटून दगावू शकते.

शेजाऱ्यांना बिलाची प्रत दाखवा. मुंगूस हा आपला रानटी प्राणी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला घरात ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा त्यांची शंका अगदीच वावगी नव्हती. पण फेरेट मुंगसाच्या नात्यातला नाही, त्याचं कूळ पाणमांजराचं. सेक्रेटरींना घरी बोलावून चहा पाजा आणि बंड्या लांबून दाखवा. बिल नसेल तर लेकाला दुकानात पाठवून मागून घ्या.

आणि आता मिस्टरांसाठी. दादा, नॅशनल पार्कात नेऊन सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. तुम्हाला घरातली माणसं जपायची आहेत, त्यात काही चुकीचं नाही. पण फेरेट हा रानातून आणलेला प्राणी नाही. माणसाने त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं पाळलंय, कुत्र्यासारखाच तो माणसाच्या हाताखाली घडला. चार महिन्यांचं, वाटीतलं खायची सवय असलेलं, बहुतेक बहिरं पिल्लू बिबट्यांच्या, सापांच्या, भटक्या कुत्र्यांच्या जंगलात एक रात्रही काढणार नाही. काढलीच, तर त्याच्याबरोबर तिथे आजार जाऊ शकतो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह दगावले त्यात याच डिस्टेंपरच्या विषाणूचा वाटा होता. शिवाय पाळलेलं जनावर बेवारस सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि तुमचा मुलगा हे आयुष्यभर विसरणार नाही. तीन महिने मनापासून करूनही जमलं नाही, तर जाणत्या माणसाच्या घरी त्याला देण्याची वाट डॉक्टरांकडून शोधता येते. मलाही कळवा, मी मदत करीन.

तीन महिने मी विचार करून म्हणतेय. लालबागच्या फेरेटला आजींच्या मांडीवर झोपायला दहा आठवडे लागले. मधे दोनदा तो पुन्हा चावला, एकदा लग्नाचे पाहुणे घर भरून आले होते तेव्हा आणि एकदा दिवाळीत. त्याला फटाके ऐकू येत नव्हते, पण फरशी दिवसभर हादरत होती. आजींनी तेव्हा त्याची झोळी पिंजऱ्यातून काढून पलंगावर गादीत ठेवली आणि दोन दिवस चमच्यापासून पुन्हा सुरुवात केली.

उद्या सकाळी कुकर लावाल तेव्हा बंड्या जागा असेल तर त्याच्या कानांकडे बघा. आणि अंगठ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही मला लिहा.